रीसेट मारू का, काकू?

मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही गाळ्यावर जा. फोन हँग होतो म्हणा, बॅटरी उतरते म्हणा, समोरच्याला आवाज जात नाही म्हणा, व्हॉट्सॲप उघडत नाही म्हणा. काउंटरमागचा मुलगा फोन उलटासुलटा करतो, दोन-चार ठिकाणी बोट फिरवतो आणि सगळ्यांना एकच औषध देतो : ‘रीसेट मारावा लागेल.’ काय जाणार, हे तो सांगत नाही. काय वाचवता येईल हे बघायला त्याला वेळ नाही, मागे तिघं उभे असतात. फार तर ‘बॅकअप आहे ना?’ एवढं विचारतो. ‘बॅकअप म्हणजे काय रे?’ हा प्रश्न समोरच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असतानाही कामाला लागतो.

या सवयीचा मला मनापासून राग आहे. फोन हातात आला की पुसून टाकायचा, हा आपल्याकडच्या दुरुस्तीच्या धंद्याचा पहिला उपाय होऊन बसला आहे. तो शेवटचा असायला हवा. नळ गळतो म्हणून बोलावलेल्या प्लंबरने घरातलं सगळं सामान फेकून दिलं, तर त्याला आपण पुन्हा दारात उभं करणार नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण तीनशे रुपये मोजतो आणि रिकामा फोन खिशात घालून घरी येतो.

फॅक्टरी रीसेटमध्ये नेमकं काय घडतं, ते आधी पाहू. फोनच्या साठवणुकीत एक भाग यंत्रणेचा असतो. त्यात अँड्रॉइड आणि कंपनीने सोबत दिलेली ॲप्स येतात. दुसरा भाग तुमचा : फोटो, मेसेज, संपर्क, नंतर टाकलेली ॲप्स, खाती, पासवर्ड, वायफाय. रीसेट पुसतो तो हा दुसरा भाग. पहिल्याला तो धक्का लावत नाही. म्हणून बऱ्याच अपडेट्स झालेला फोन रीसेटनंतर जुन्या अँड्रॉइडवर जात नाही, शेवटच्या अपडेटवरच राहतो. नव्या अँड्रॉइडचं ओझं जुन्या प्रोसेसरला पेलत नसेल, तर रीसेट केल्यावर चार दिवस फोन पळतो आणि ॲप्स परत चढली की होता तिथेच येतो. ग्राहक तोपर्यंत पैसे देऊन गेलेला असतो.

बॅटरीचं तर त्याहून सरळ आहे. लिथियम-आयन बॅटरी वयानुसार झिजते, आणि झिजलेलं रसायन कुठलंही बटण दाबून भरून येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने जाहीरपणे मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग त्यांचं सॉफ्टवेअर कमी करतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. त्यावर उपाय कोणता निघाला? बॅटरी बदला. कंपनीने त्यासाठी अमेरिकेतला बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढच्याच वर्षी इटलीच्या स्पर्धा नियामकाने, अपडेट्समुळे जुने फोन मंदावले म्हणून, ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. म्हणजे फोन मंद होण्यामागे बॅटरी असू शकते, खुद्द कंपनीचं अपडेट असू शकतं. ज्या मुलाने बॅटरी तपासलीच नाही, त्याला तुमचे फोटो पुसायचा अधिकार कोणी दिला?

आता ज्यांचा फोन खरोखर जागा भरल्यामुळे अडकतो, त्यांच्याकडे वळू. आपल्याकडे कितीतरी फोन याच कारणाने रडतात. ३२ किंवा ६४ जीबीचा स्वस्त फोन घेतलेला असतो. त्यातली बरीच जागा अँड्रॉइडने आणि कंपनीने न विचारता भरलेल्या ॲप्सनी आधीच खाल्लेली असते. उरलेल्या जागेत नातेवाइकांच्या गटांमधल्या शुभ सकाळ, वाढदिवस, आरत्या आणि राजकीय भाषणांच्या फिती साचतात. यावरचा इलाज व्हॉट्सॲपच्याच आत आहे. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, त्यात ‘स्टोरेज मॅनेज करा’. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली वेगळ्या काढून ठेवलेल्या दिसतात. त्या निवडून काढल्या की फोनला श्वास घेता येतो. नंतर ॲप्सचा कॅश साफ करा, न वापरलेली ॲप्स काढा आणि फोन एकदा बंद करून चालू करा. वायफाय किंवा ब्लूटूथ जुळत नसेल, तर रीसेट पर्यायांमध्येच फक्त नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करायची सोय वेगळी आहे. त्यात एकही फोटो जात नाही. ॲप्सच्या परवानग्या आणि सूचना बिघडल्या असतील, तर ‘ॲप प्राधान्ये रीसेट करा’ हा आणखी एक पर्याय आहे. दुकानातल्या मुलाला हे सगळं माहीत असतं. पण त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि सगळं पुसायला एकच बटण लागतं.

आमच्या ओळखीतल्या एका काकू निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. यजमान जाऊन काही काळ लोटला. काका मंडईतून फोन करत नसत, व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवत. ‘कोथिंबीर महाग आहे गं, मेथी घेतो.’ ‘पाऊस आलाय, आडोशाला थांबलोय, चहा ठेवू नकोस.’ एवढेच, दहा-वीस सेकंदांचे. काकू संध्याकाळी ते ऐकत. फोन सारखा ‘स्टोरेज फुल’ म्हणू लागला आणि फोटोच निघेनात, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या.

‘काकू, रीसेट मारू का? एकदम नवा होईल.’

‘मार बाबा, तुला कळतं त्यातलं.’

संमती म्हणतात ती एवढीच. मुलाने फोन बंद केला, आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून रिकव्हरीचा काळा पडदा आणला आणि सगळा डेटा पुसला. सेटिंग्जमधून जायचं सोडून तो या वाटेने गेला, कारण ही वाट हाताला बसलेली होती. फोन उघडला तेव्हा पडद्यावर आलं : या फोनवर आधी वापरलेलं गूगल खातं टाका. काकूंना त्यांचं जीमेल माहीत नव्हतं. माहीत असण्याची शक्यताच नव्हती, कारण फोन घेतला तेव्हा विक्रेत्याने ‘आयडी लागतो’ म्हणून स्वतःच एक खातं काढून दिलं होतं. पासवर्ड त्याने ठरवला, कागदावर लिहून दिला नाही, आणि मग तोही विसरला. आता या मुलाने सांगितलं, जीमेल लॉक लागलाय, काढायचे पाचशे रुपये. आवाजी निरोपांचं विचारल्यावर म्हणाला, रिकव्हरीवाला आहे एक ओळखीचा, दोन-अडीच हजार घेईल. काकूंनी तेही दिले. मिळालं काही नाही, आणि मिळणारही नव्हतं.

का मिळणार नव्हतं, हे प्रत्येकाने नीट समजून घ्यावं, कारण या एका मुद्द्यावर दुकानांत रोज लूट चालते. जुन्या काळातल्या फोनमध्ये पुसणं म्हणजे अनेकदा फक्त यादी फाडणं असे, मजकूर खाली तसाच पडून राही. आता तसं नाही. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पुरेशी ताकद असलेल्या नव्या फोनना साठवण कुलूपबंद, सांकेतिक ठेवणं बंधनकारक झालं. अँड्रॉइड १० नंतर बाजारात आलेल्या नव्या फोनना, अगदी स्वस्तातल्यासुद्धा, ही अट लागू झाली. रीसेट करताना फोन त्या कुलपाची किल्ली नष्ट करतो. किल्ली गेली की उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग, आणि तो जगातल्या कोणत्याही ‘ओळखीच्या रिकव्हरीवाल्या’ला वाचता येत नाही. आयफोनची गोष्टही तीच. मेमरी कार्डवर किंवा गूगलच्या ढगात काही राहिलं असेल तर ते मिळेल. फोनच्या पोटातलं रीसेटनंतर परत मिळेल असं सांगून जो पैसे मागतो, तो फसवतो.

जीमेल लॉकचंही असंच. त्याचं खरं नाव फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत ते आलं. ॲपलने ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ त्याआधी, २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आणलं होतं. हेतू अत्यंत चांगला आहे. चोराने फोन पळवला, रिकव्हरीतून पुसला, तरी मूळ मालकाचं खातं किंवा स्क्रीन लॉक टाकल्याशिवाय तो चालू होऊ नये. सेटिंग्जमधून, स्वतःचा पिन टाकून रीसेट केला तर हा लॉक सहसा आड येत नाही, कारण फोन मालकाच्याच हातात आहे हे सिद्ध झालेलं असतं. चोरासाठी बनवलेलं हे कुलूप आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना लागतं. चूक कुलपाची नाही. फोन विकताना दुसऱ्याच्या नावाने खातं काढून, पासवर्ड आपल्याच डोक्यात ठेवून ग्राहकाला घरी पाठवणारी दुकानं याला जबाबदार आहेत. घराच्या किल्ल्या न देता घर विकणं जितकं चुकीचं, तितकंच हे चुकीचं आहे, आणि याबद्दल त्यांना कोणी जाब विचारत नाही.

घरातली शिकलेली मुलंही यात सुटत नाहीत. पुण्या-मुंबईत आणि त्याहून लांब नोकरी करणारा मुलगा आई-वडिलांना दिवाळीला फोन घेऊन देतो, व्हॉट्सॲप टाकून देतो, फोटो कसा काढायचा ते दाखवतो आणि परतीची गाडी पकडतो. गूगल खातं कोणतं, बॅकअप चालू आहे का, तो शेवटचा कधी झाला, हे कुणी बघत नाही. नंतर फोन अडकतो तेव्हा दूरवरून सल्ला जातो : ‘अगं आई, रीसेट कर ना, काही होत नाही.’ होतं. फार काही होतं.

काय जातं, काय राहतं, तेही बारकाईने बघायला हवं. संपर्क जीमेल खात्यात साठवलेले असतील तर खातं टाकल्यावर आपोआप येतात. नुसत्या फोनमध्ये असतील आणि बॅकअप नसेल तर जातात. फोटो ‘गूगल फोटोज’मध्ये चढलेले असतील तर सुरक्षित. पण तिथली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फोटो, जीमेल, ड्राइव्ह आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप, सगळ्यांना मिळून १५ जीबी मोफत. ते भरलं की बॅकअप थांबतो. सूचना येते, पण जाहिरातीसारखी दिसते म्हणून आपण ती बाजूला सारतो, आणि ‘बॅकअप चालू आहे’ या समजुतीत महिने जातात. म्हणून बॅकअप चालू आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, हे विचारा. व्हॉट्सॲपमध्ये चॅट बॅकअपच्या पानावर ती तारीख लिहिलेली असते.

डिजिलॉकरमधली कागदपत्रं परत येतात, ती मुळात फोनमध्ये नसतातच. यूपीआय पुन्हा जोडावं लागतं. त्यासाठी त्याच सिमवरून एक एसएमएस जातो, आणि सिमवर एसएमएसचा पॅक नसेल तर बँक जोडलीच जात नाही. किती माणसं एवढ्यासाठी बँकेत खेटे घालतात! जुना यूपीआय पिन आठवत असेल तर तोच चालतो. विसरला असाल तर डेबिट कार्ड किंवा आधारशी जोडलेला नंबर हवा. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणारं ॲप वापरत असाल, तर ते कोड खात्याशी जोडलेले आहेत की फक्त फोनमध्ये आहेत, हे आधी तपासा. गूगलच्या अशा ॲपमध्ये खात्याशी जोडायची सोय २०२३ मध्ये आली, त्याआधी ते केवळ फोनपुरते असत. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड घातला असेल तर तो लिहून ठेवा. विसरला तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

आणि ज्याची कुणी आठवणच ठेवत नाही ते : कॉलची रेकॉर्डिंग, डाउनलोड फोल्डरमधल्या पीडीएफ, फोनच्याच नोंदवहीत लिहिलेली देणी-घेणी. हे सहसा कुठल्याच बॅकअपमध्ये नसतं. नाशिककडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या फोनमध्ये अवकाळीने आडव्या पडलेल्या द्राक्षबागेचे फोटो असतात. पुढे नुकसानीवरून वाद झाला तर हातात पुरावा म्हणून तेच फोटो असतात. रीसेट मारणाऱ्याला ते ‘गॅलरीतला कचरा’ वाटतात.

एवढं सगळं म्हणूनही मला रीसेटच्या विरुद्ध उभं राहायचं नाही. एक वेळ अशी आहे की तेव्हा तो केलाच पाहिजे, आणि नेमका तेव्हाच आपण तो करत नाही. फोन घराबाहेर कायमचा जाताना, म्हणजे विकताना, एक्स्चेंजमध्ये देताना, कुणाला भेट देताना.

२०१४ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ईबेवरून २० जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले. मालकांनी ते पुसलेले समजून विकले होते. त्यांतून ४० हजारांहून जास्त फोटो बाहेर निघाले. त्यांत १,५००च्या वर लहान मुलांचे कौटुंबिक फोटो होते. पुढच्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी पाच कंपन्यांचे २१ जुने फोन तपासले. ते अँड्रॉइड २.३ ते ४.३ वर चालणारे होते. रीसेटनंतरही मेसेज, फोटो, एवढंच नव्हे तर गूगल खात्यात शिरायची किल्लीसुद्धा बहुतेक वेळा परत मिळवता आली. ५० कोटींपर्यंत फोन डेटा नीट पुसत नसावेत, असा त्यांचा अंदाज होता. आजचे फोन वर सांगितलेल्या किल्लीच्या युक्तीमुळे याबाबतीत पक्के झाले आहेत. पण तुमच्या कपाटात दहा वर्षांपूर्वीचा फोन पडला असेल, तर त्याचा रीसेट पुरेसा मानू नका. तो विकूच नका. अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि त्याआधी कार्ड काढून घ्या.

कार्ड! मेमरी कार्ड आपोआप पुसलं जातं असं समजून राहू नका. रीसेट फोनची आतली साठवण पुसतो. कार्ड वेगळं फॉरमॅट करावं लागतं, आणि देऊन टाकायचं नसेल तर सरळ काढून ठेवावं. सिमही काढायचं. ई-सिम असेल तर ते पुसायचा पर्याय रीसेटच्या पानावरच दिसतो. फोन विकताना तो निवडायचा, स्वतःच्याच फोनचा रीसेट असेल तर निवडायचा नाही. गूगल किंवा ॲपल खातं फोनवरून आधी काढायचं, म्हणजे घेणाऱ्याच्या वाट्याला तो लॉक येणार नाही.

आणि गल्लीतून सायकलवर किंवा मोटारसायकलवर भोंगा लावून फिरणारे? ‘जुने, फुटलेले, बंद पडलेले मोबाइल द्या, टब घ्या, बादली घ्या.’ गावोगाव ही हाळी ऐकू येते. फोन बंद आहे, म्हणून त्यात काही नाही असं समजून तो प्लास्टिकच्या टबावर दिला जातो. पडदा फुटलेल्या फोनची आतली साठवण शाबूत असते. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडम इथे सायबर पोलिसांनी अशा फेरीवाल्यांपैकी बिहारच्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडे सुमारे ४,००० जुने फोन होते, आणि सायबर फसवणूक करणाऱ्यांना ते पुरवले जात असल्याचं पोलिसांनी सांगितलं. फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, रीसेटने बदलत नाही. तुमच्या नावावर घेतलेल्या फोनमधून कुणी गुन्हा केला, तर चौकशीची वाट तुमच्या दारावरून जाऊ शकते. एका टबासाठी ही जोखीम घेऊ नका.

याच आयएमईआयमुळे चोरीचा फोनही शोधता येतो. त्यासाठीच्या केंद्रीय नोंदणीची, सीईआयआरची, सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत, महाराष्ट्र आणि गोव्याच्या सर्कलपासून झाली. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवरून ती देशभर खुली झाली. चोराने कितीही वेळा रीसेट मारला, तरी आयएमईआय अडवला की फोन देशातल्या नेटवर्कवर चालत नाही. म्हणून *#06# दाबून दिसणारा तो आकडा फोनच्या बिलावर लिहून ठेवा. जुना फोन विकत घेणार असाल तर केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा आणि तो काळ्या यादीत नाही ना, हे आधी बघा. केवायएम ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत, एसएमएसमध्ये ती रोमन लिपीतच टाकायची.

आणखी एका ठिकाणी रीसेट घाईने मारला जातो आणि त्याने मोठं नुकसान होतं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाने एपीके फाइल येते. माणूस ती उघडतो, फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो, खात्यातून पैसे जातात. घाबरून घरचे म्हणतात, आधी रीसेट मार. थांबा. आधी इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, बँकेला खातं गोठवायला सांगा, ती फाइल आणि आलेले मेसेज पोलिसांना दाखवा. फोन पुसला की फसवणुकीचा माग पुसला जातो आणि तक्रार लंगडी पडते. पुरावा नोंदला गेला की मग मात्र रीसेट जरूर करा, बहुतेक घातक ॲप्स त्याने जातात. बहुतेक म्हणतो, कारण सगळी जात नाहीत. २०१९ मध्ये ‘एक्सहेल्पर’ नावाचं घातक ॲप रीसेटनंतरही परत उगवत होतं. सिमँटेक या सुरक्षा कंपनीने तेव्हा सुमारे ४५ हजार बाधित फोन नोंदवले, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या देशांत भारत होता. कॅस्परस्की या दुसऱ्या सुरक्षा कंपनीने नंतर दाखवलं की ते यंत्रणेच्याच भागात शिरून बसत होतं. रीसेट ज्या भागाला हात लावत नाही, तोच हा भाग. अशा वेळी पूर्ण सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागतं, आणि ते काम कंपनीच्या सेवा केंद्रातच करून घ्यावं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. दुरुस्तीच्या दुकानाने फोन घेताना पावतीवर मराठीत लिहावं : ‘रीसेट केल्यास फोनमधला सगळा डेटा कायमचा जाईल. ग्राहकाने बॅकअप घेतला आहे / नाही.’ खाली ग्राहकाची सही. जागा भरली असेल तर आधी जागा साफ करून द्यावी आणि त्या कामाचे पैसे घ्यावेत, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. फोन विकणाऱ्याने ग्राहकाचं खातं ग्राहकाच्याच हाताने काढून घ्यावं आणि पासवर्ड कागदावर लिहून द्यावा. फोन कंपन्यांनी रिकव्हरीच्या त्या काळ्या पडद्यावरचा इशारा मराठीत आणि इतर भारतीय भाषांत दाखवावा. ज्या फोनचा मेन्यू मराठीत मिळतो, त्याचा सर्वांत धोकादायक पडदा तेवढा इंग्रजीत ठेवण्याला कसलंही कारण नाही. आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी एका शिबिरात रस्ता झाडण्याऐवजी गावातल्या ज्येष्ठांच्या फोनचा बॅकअप घेऊन दिला, तर गाव त्यांना जास्त दुवा देईल.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर येत्या रविवारी आई-वडिलांचा, सासू-सासऱ्यांचा, शेजारच्या आजोबांचा फोन त्यांच्या परवानगीने हातात घ्या. त्यात कोणतं गूगल खातं आहे ते बघा. पासवर्ड माहीत नसेल तर फोन चालू आहे तोवरच बदलून घ्या, नंतर ते फार अवघड होतं. व्हॉट्सॲपचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघा आणि त्यांच्यासमोर नवा घ्या. खातं, पासवर्ड आणि आयएमईआय एका वहीत लिहा, आणि ती वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगा. दुकानात फोन न्यायची वेळ आली तर त्यांच्यासोबत जा, आणि काउंटरवरचा मुलगा ‘रीसेट मारू का?’ म्हणाला, की त्याला आधी बॅटरी आणि भरलेली जागा तपासायला लावा.